कानाने खाणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊ खायला बसले की आधी डोळे मिटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. पण देवाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. ते ऐकत असायचे. साथीच्या वर्षी त्यांना ताप येऊन गेला, तेव्हा जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेले, आणि इतरांचे परत आले तसे त्यांचे काही आले नाहीत. गोड, तिखट, आंबट, सगळं एकच झालं. मग खाण्यातली जी एक गोष्ट उरली होती ती त्यांनी घट्ट धरून ठेवली, ती म्हणजे आवाज. भाजलेला पापड, कच्चा कांदा, फुटाणे, चिवडा. "जीभ गेली तं गेली," ते म्हणायचे, "कान हायेत ना शाबूत! कुरकुर आयकू आली का मले समजते, जेवन चालू हाय."

आम्ही दोघं पाटबंधारे खात्यात होतो. तेल्हाऱ्याला शेजारी शेजारी क्वार्टर, पुढे अकोल्याला एकाच गल्लीत लागून घरं बांधली. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. मी प्रभाकर, पण त्यांच्या तोंडी कायम 'परभाकर'. निवृत्तीनंतर मी आणि बायको अमरावतीला लेकीजवळ राहायला आलो. ते अकोल्यातच राहिले. मग एके सकाळी चहा ठेवता ठेवता कमलवहिनी गेल्या. मुलगा पुण्यात, तो बोलवत होता. "तठी जाऊन मी काय करू? लिफ्टचं बटन दाबू?" असं म्हणून भाऊ त्या घरात एकटे राहिले आणि चिवडा करायला शिकले.

चिवडाच का, तर पोळीला आवाज नसतो. शिवाय वहिनींचा चिवडा गल्लीत नावाजलेला होता आणि तो करताना भाऊंनी त्यांना हजारदा पाहिलं होतं. दर आठवड्याला पातेलंभर करायचे आणि वाटी घेऊन घरोघर जायचे. नुसती देऊन परत येत नसत. समोरचा खाईपर्यंत दारात उभे राहायचे. "कसा झाला? खरं सांगजा." वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो, अशी आमची पुण्यापर्यंत बदनामी आहे. पण बायको गेलेला म्हातारा वाटी घेऊन दारात उभा राहिला की वऱ्हाडी माणसाच्याही जिभेवर साखर येते. सगळी गल्ली एका सुरात सांगायची, "भाऊ, अगदी वहिनीच्या हातचा!" मी अकोल्याला गेलो की मीही तेच म्हणायचो. ते ऐकून भाऊ मान हलवायचे आणि रिकामी वाटी घेऊन घरी जायचे. त्यांचा चेहरा उतरायचा तो वहिनींच्या आठवणीने, असं आम्ही आपलं समजून घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मुलाने त्यांच्यासाठी जहाजाची सहल ठरवली. अमरावती-अकोल्याच्या ज्येष्ठ नागरिकांचा एक गट मुंबईहून निघून गोवा, लक्षद्वीप करून परत येणार होता. चार माणसांत राहतील, असा त्याचा विचार. मला सोबत जायला सांगितलं. माझी बायको म्हणाली, "मला जमिनीवरच चक्कर येते, पाण्यावर काय येणार?" म्हणून भाऊ आणि मी अशी जोडी झाली.

जहाजावर घरचं खाणं चालत नाही, दुकानाचं बंद पाकीट असलं तर चालतं, असं ट्रॅव्हलवाल्याने बजावलं होतं. भाऊंनी काय करावं? चिवड्याचा डबा घेऊन ओळखीच्या फरसाणवाल्याकडे गेले आणि त्याच्या यंत्रावर, त्याच्याच छापील पाकिटांत घरचा चिवडा बंद करून आणला. पाकिटावर पापडी-शेवेचं चित्र, आत पोह्यांचा चिवडा. तपासणीच्या मुलीने एक पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "हमारे अकोले का फेमस है," भाऊ छाती काढून म्हणाले. तिने सोडलं. कपाशीची गाडी नाक्यावरून विनापावती काढल्यासारखा त्यांना आनंद झाला होता.

जहाजावर खाण्याचा नुसता सुकाळ होता. सकाळी डोळे उघडल्यापासून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात हारीने भांडी मांडलेली, घ्या आणि खा. आमच्या गटातल्या नांदगाव खंडेश्वरच्या गावंडेकाकू तर पहिल्या दिवशी ताट घेऊन इतक्या फिरल्या की पाय दुखायला लागले. भाऊ मात्र ताट न घेताच फिरायचे. प्रत्येक भांड्यावर वाकून पाहायचे, याला आवाज असेल का. पांढऱ्या रश्श्यातल्या भाज्या, मऊ केक, पुडिंग, सगळं त्यांच्या दृष्टीने बाद. शेवटी त्यांना दुपारच्या जेवणाला दूध न घालता कॉर्नफ्लेक्स आणि काकडी, हे साधलं. "एवढालं जहाज," ते म्हणाले, "अन् सारं गिळगिळीत! काकडी अन् हे कॉर्नफ्लेक्स सोडले तं बोलनारं खानं नाही बाप्पा."

संध्याकाळी ते चिवड्याचं पाकीट काखेत मारून निघायचे. डेकवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसायचे. गाव विचारायचे, मुलं काय करतात विचारायचे आणि मग पाकीट पुढे करायचे. गुजराती असो, पंजाबी असो, उत्तर एकच. "नको हो, आत्ताच झालं." खोटंही नव्हतं ते. सगळ्यांचं सदानकदा आत्ताच झालेलं असायचं. समोरच्याने हात पुढे केल्याशिवाय पुडा फोडायचा नाही, ही भाऊंची जुनी रीत. त्यामुळे पाकीट जसंच्या तसं खोलीत परत यायचं. तिसऱ्या दिवशी ते पलंगावर बसून म्हणाले, "परभाकर, एसटीत डबा उघडला तं चार मानसं जुळत. अठी हजारो मानूस हाय, अन् एक भुकेला नाही! कोनासंग बोलाव मानसानं?" मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते गेलं. खिडकीबाहेर नुसतं पाणी होतं, आणि पलंगावर पापडी-शेवेच्या चित्राची ती पाकिटं एकावर एक रचलेली.

त्या दुपारी मात्र गावंडेकाकूंनी हात पुढे केला. त्या वहिनींच्या लांबच्या नात्यातल्या, वहिनींच्या हातचं खाल्लेल्या. भाऊंनी घाईघाईने पाकीट फोडलं, ओंजळभर चिवडा त्यांच्या रुमालावर घातला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले. काकूंनी दोन घास खाल्ले, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "काय सांगू भाऊ, जसी काही कमलच येऊन करून गेली! तोच हात, तीच चव." भाऊंनी पाकिटाचं तोंड दुमडलं. "हाव का," एवढंच बोलले आणि उठून चालायला लागले. काकू गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. मी भाऊंच्या मागे गेलो.

जहाजाच्या मागच्या टोकाला कठड्याशी एक बाक होता, तिथे ते बसले होते. जेवणं होऊन सगळे आपापल्या खोल्यांत आडवे झालेले, डेकवर कुणी नव्हतं. मी शेजारी बसलो. त्यांनी पाकिटाची घडी उलगडली. मग पाकीट माझ्यापुढे धरलं. "तू तं तिच्या हातचं भल्लं खाल्लं. मले एक खरं सांग. हा तिच्यासारका हाय?"

नेहमीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते बाहेर येईना. इतकी वर्षं शेजारी काढली, हा चेहरा शाबासकी मागणाऱ्याचा नव्हता.

"नाई भाऊ," मी म्हणालो. "तसा नाई."

ते एकदम माझ्याकडे वळले. "काय कमी हाय?"

"कमी काईच नाई. तुमचा जास्त नीट झाला. वहिनीच्या चिवड्यातली मिरची करपेल राहे. कढई गॅसवर ठेवून वहिनी मधल्या भिंतीपाशी येत, अन् आमच्या हिच्यासंग बोलत उभ्या राहत. वास सुटला का मंग पळत. दर वक्ती तेच. करपेल मिरचीशिवाय त्यायचा चिवडा मी कधी खाल्लाच नाई."

भाऊ हसायला लागले. आधी हळू, मग जोरात, इतके की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग ते नुसतंच पाणी राहिलं. "दोन वर्सं," ते म्हणाले, "दोन वर्सं झाले, सारे मले सांगून राहिले, तिच्यासारकाच झाला म्हनून. मी म्हनो, मी येवढ्यात शिकलो, तं ती चाळीस वर्सं काय करून राहिली होती? मंग तिचं असं राहिलं काय? ती गेली काय अन् असली काय, सारकंच झालं ना! मले तं चव समजत नाही. म्या कोनाले विचाराव?"

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "अन् तिची एक खोडी कोनी काढत नाही आता. सारे म्हनतात, देवी होती. देवी कोठी होती बे? माह्यासंग भांडे ना ती! फोटोतल्या बाईसंग राहून राहिलो मी. सांग, अजून सांग. अजून काय बिघडवे?"

मग मी सांगत गेलो. त्यांचं पुरण नेहमी पातळ व्हायचं आणि दोष डाळीला द्यायच्या. कुणाकडे गेल्या की उठायच्या नाहीत, उठल्या तर दारात पुन्हा तेवढाच वेळ उभ्या राहायच्या. पोटात काही राहायचं नाही, भाऊंनी कवळी बसवली ती तेल्हाऱ्यात आधी त्यांनीच जाहीर केली. भाऊ मांडीवर थापा मारत होते आणि भर घालत होते. "अन् लाईट बंद कराले मलेच उठवे! सोता अर्धी झोपेत!" वहिनींबद्दल बोलायचं म्हणजे आवाज खाली आणायचा, ही दोन वर्षांची सवय त्या दुपारी आमची मोडली. चिवड्याकडे मी हात कधी पुढे केला आणि पाकीट कधी संपलं, कळलंही नाही. चहाची वेळ झाली, लोक वर आले, तेव्हा दोन म्हातारे एका मेलेल्या बाईच्या चुगल्या करत बसले होते आणि त्यातल्या एकाला त्याची बायको परत मिळाल्यासारखी झाली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मनोहरभाऊ गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. तेरवीला अकोल्याला गेलो. सगळे बोलत होते, देवमाणूस होता, कुणाला कधी दुखवलं नाही, असा माणूस होणे नाही. मुलगा हात जोडून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं. जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुझा बाप पत्त्यांत सर्रास लबाडी करायचा. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "काका, बसा ना थोडं. अजून सांगा."

त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. ते घोरायचे, आणि मीच घोरतो म्हणून सांगायचे. माझी छत्री तेल्हाऱ्यात नेली ती परत दिली नाही, वर ती त्यांचीच होती म्हणून वाद घातला. आंघोळीला जायचं असताना फोनवर 'निघालो' म्हणून सांगायचे. आणि फोन ठेवू द्यायचे नाहीत. "ठेव आता," म्हणायचे, आणि मी ठेवायला गेलो की "थांब, एक गोठ सांगाची राहिली," म्हणून पुन्हा सुरू. मला वैताग यायचा. शेवटच्या वेळी माझी बायको पानावर बोलवत होती. ते "ठेव आता" म्हणाले आणि मी लगेच ठेवून दिला. त्यांची एक गोठ राहिली असणारच.