माने मॅडमची जागा

माने मॅडम घरी जायला निघाल्या की कॉलेजच्या फाटकापर्यंत जायच्या, स्कूटी थांबवायच्या आणि परत फिरायच्या. जिना चढून प्रयोगशाळेचं कुलूप उघडायच्या, गॅसच्या बटणावर हात ठेवून बघायच्या. बटण बंदच असायचं. आम्ही मुली हसायचो. त्या रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "हसा की. भीती असलेली बरी असती, पोरींनो. भीती नसलेल्याचीच प्लेट आधी नासती."

जीवशास्त्राच्या पदवीला त्या आम्हाला 'प्रयोगशाळा तंत्र' शिकवायच्या. काचेच्या छोट्या प्लेटमध्ये जंतू वाढवायचे, पण आपल्याला हवे तेच. हवेतला एक आगंतुक आत शिरला की सगळं काम वाया. मी प्लेटचं झाकण उचललं की माझ्या मागे मॅडमचा श्वास थांबलेला मला कळायचा. मूळच्या शिवाजी पेठेतल्या, त्यामुळे आवाज खणखणीत, आणि इकडच्या बायका बोलतात तसं पुरुषी वळणाचं बोलणं, 'मी बघतो', 'मी येतो'. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला एवढी भीती कशाची वाटते, हे मला त्या वयात कळत नसे.

एकदा ऑटोक्लेव्ह, म्हणजे सामान निर्जंतुक करायचा आमचा मोठा कुकर, बिघडला. काटा लाल रेषेपुढं गेला तरी वाफ सुटेना. मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "सगळ्या भाईर व्हा. दप्तरं ऱ्हाऊ देत." आम्ही पळालो. त्या मात्र उलट आत गेल्या, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि येऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. कुकर थंड होईपर्यंत त्यांनी शिपायालासुद्धा आत सोडलं नाही. नंतर चहा आला, तर त्या आधी पुन्हा जाऊन ते बटण बघून आल्या.

त्यांची नोकरी तासिका तत्त्वावरची होती. जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, आणि दर जूनमध्ये त्याच जागेसाठी नव्यानं मुलाखत. उन्हाळा लागला की मॅडम वाळायला लागायच्या. त्यातच विषय घेणारी मुलं कमी झाली, तेव्हा कॉलेजनं त्याला 'व्यवसायाची ओळख' जोडून दिली. मुलांनी पुढं स्वतःची लॅब टाकावी, हा हेतू. शिकवायचं मॅडमनीच. मग त्या राजारामपुरीतल्या कॉमर्सच्या क्लासला जाऊन बारावीच्या पोरांच्या मागे बसल्या आणि शिकून आल्या. जोखमीच्या धड्याला मात्र त्यांनी पुस्तक मिटलं. "जोखीम म्हंजे काय? सगळं नीट करूनबी जे व्हायचं ऱ्हातं, ती जोखीम. लिहून घ्या."

मी एम.एस्सी. झाले, त्या वर्षी इचलकरंजीत बाबा कामाला जात त्या कारखान्यातले माग बंद पडत होते. बाबांची पाळी कधी लागायची, कधी नाही. मला नोकरी हवीच होती. आमच्याच कॉलेजची जाहिरात आली. जागा दोन असतील, एक मॅडमची, एक माझी, असं मी मनाशी धरून चालले होते.

मुलाखतीच्या दिवशी बाकावर माने मॅडम बसल्या होत्या, मांडीवर फाईल घेऊन. मला बघून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"तू हितं?"

"मॅडम, जागा किती आहेत?"

"एकच की."

"मी जाते परत," मी म्हटलं.

"गप बस." त्यांनी मला हाताला धरून बाकावर बसवलं. "तू येऊ नये असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पण तू उठून गेलीस म्हणून जागा मला मिळंल असं काय न्हाय. त्या बघ, पलीकडं आणखी चौघी बसल्यात. आता आलीयास, तर नीट दे." मग माझी फाईल ओढून घेतली. "झेरॉक्सवर सह्या केल्यास व्हय?"

"नाही."

"कर की मग. पेन घे."

त्यांनी दिलेलं पेन घामानं ओलं होतं. मी सह्या करीपर्यंत त्यांनी माझी प्रमाणपत्रं ओळीनं लावून दिली.

आत मला विचारलं, "व्यवसायातली जोखीम मुलांना कशी समजावाल?" मॅडमचं वाक्य ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि पुस्तकातली व्याख्या सांगितली. बाहेर आले तेव्हा मॅडम आत चालल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता दार ढकललं.

निवड माझी झाली. घरी पेढे आले. मी एकही खाल्ला नाही. मॅडमना फोन करावा, म्हणून सारखा हातात घेत होते आणि ठेवत होते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी धास्तावूनच लवकर गेले, तर प्रयोगशाळेच्या दारात मॅडम उभ्या. मला वाटलं, आता त्या बोलतील आणि मला ऐकावं लागेल. त्या म्हणाल्या, "चल, कुकर दाखवतो. नवा आलाय, पण त्याचाबी भरवसा न्हाय." कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठल्या सॉकेटला शॉक बसतो, कुठल्या मुलाला रक्त बघून चक्कर येते, सगळं एका दमात सांगितलं. कपाटातला आपला ॲप्रन घडी करून पिशवीत घातला.

"आता काय करणार मॅडम तुम्ही?"

"राजारामपुरीत एका रक्ततपासणीच्या लॅबवाल्यानं बोलवलंय. जमंल न जमंल, बघतो."

खाली घंटा झाली. जिन्यावर मुलांची पावलं वाजायला लागली. त्या घाईनं मागच्या दाराकडं वळल्या.

"मॅडम, थांबा की. मुलं तुम्हाला भेटतील."

"नको," त्या म्हणाल्या. "मी दिसलो, तर ती मलाच मॅडम म्हणतील. तुला कधी म्हणायची मग?"

आणि मागच्या जिन्यानं उतरून गेल्या.