काचेतला दुसरा मोर

बिडकीनच्या अलीकडं डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या वॉर्डाची मी मुख्य परिचारिका होते. नवी इमारत झाली तेव्हा डॉक्टरांनी हौसेनं वॉर्डाच्या मागच्या खिडक्यांना आरशासारख्या काचा बसवून घेतल्या. आतून बाहेरचं शेत दिसायचं, बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्वतःचं तोंड. वॉचमन ड्यूटीवर चढायच्या आधी तिथंच भांग पाडायचा.

उन्हाळा सरता सरता शेतातून एक मोर त्या काचेपाशी आला. त्याला तिथं दुसरा मोर दिसला, आणि आमच्या वॉर्डाची शांतता संपली.

पाय पुढं करून तो काचेवर धाडकन झेप घ्यायचा. मग जरा मागं सरून समोरच्यानं हार मानली का ते बघायचा. समोरचा काही मानायचा नाही. मग हा ओरडायचा. मोराचा केकारव लांबून गोड वाटत असेल. खिडकीशी ऐकला तर एखाद्या बाळानं मांजराला चावा घेतल्यासारखा वाटतो. आत मोतीबिंदू काढलेली माणसं डोळ्यावर पट्टी बांधून निजलेली. एक आजोबा तर प्रत्येक धडकेला पडल्या पडल्या म्हणायचे, "या, या, दार उघडंच हाय."

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सिस्टर, त्या मोराचा बंदोबस्त करा. पण कायद्यात राहून. राष्ट्रीय पक्षी आहे, त्याला नख लागलं तरी आपण आत. आणि गुपचूप करा. डोळ्याच्या दवाखान्यात पाखरं शिरतात अशी बातमी फिरली तर पेशंट येतील का?"

"शिरला नाही सर, बाहेर आहे."

"बातमीला काय आत आणि बाहेर!"

आमचा वॉचमन पिशोरचा, मेंढरांमागं लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला, "सोप्पंय मॅडम. मारायचं नाय, नुस्तं हाकलायचं." मागं जाऊन त्यानं हात पसरले आणि तोंडानं 'हुर्रऽ हुर्रऽ' केलं. मोरानं त्याच्याकडं पाहिलं, वळला, पिसारा फुलवला आणि थरथर नाचायला लागला. वॉचमन खाली मान घालून परत आला.

"मॅडम, त्येचा काय तरी गैरसमज झालाय. त्यो मला लांडोर समजाया लागलाय."

मग स्वयंपाकीणबाईंनी बुजगावणं केलं. ऑपरेशनचा जुना हिरवा गाऊन, टोपी, मास्क, सगळं अगदी टापटीप. मोर त्याच्या खांद्यावर बसून ओरडायला लागला. संध्याकाळी एका पेशंटचा मुलगा माझ्याकडं तणतणत आला. "सिस्टर, मागं ते डॉक्टर उभे हायेत, त्यांना किती बार विचारलं आमच्या बाबाला घरी कधी सोडता म्हणून. जवाबच देत नाहीत. एवढी मगरुरी बरी नाय." बुजगावणं त्याच दिवशी उतरवलं.

या सगळ्यावर कडी केली ती पाचोडच्या एका आजींनी. त्यांची पट्टी काढायची होती. डॉक्टर खिडकीकडं पाठ करून उभे, आजी खाटेवर बसलेल्या, त्यांची सून आणि चार नातेवाईक भोवती. डॉक्टरांनी हळूच पट्टी काढली.

"आजी, काय दिसतंय?"

"मोर," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटं पुढं धरली. "नीट बघा. ही बोटं किती?"

"बोटं ऱ्हाऊ द्या. तुमालाच पिसारा फुटलाय, डाक्टर."

खरंच, खिडकीबाहेर मोर पिसारा फुलवून उभा होता, अगदी डॉक्टरांच्या डोक्यामागं. पण नातेवाइकांसमोर मी कशी बोलणार? गुपचूप म्हणून सांगितलेलं. मी डोळ्यांनी खिडकीकडं खुणा करायला लागले. डॉक्टर आधीच घाबरलेले, बॅटरी घेऊन आजींच्या डोळ्यात बघत होते. मध्येच त्यांची नजर माझ्याकडं गेली.

"सिस्टर, तुमच्या डोळ्याला काय झालं आता?"

एवढ्यात मोरानं झेप घेतली. धाड! बॅटरी डॉक्टरांच्या हातातून उडाली आणि ते आजींच्या सुनेच्या मागं जाऊन उभे राहिले. आजी मात्र हात जोडून बसल्या होत्या. "काय बाई नजर दिली डाक्टरनं! लांबचा मोर बी जवळ दिसतोय."

सुनेनं ही गोष्ट पाचोडच्या आठवडी बाजारात सांगितली असावी, कारण त्यानंतर येणारा पेशंट कागद दाखवायच्या आधी विचारायचा, "मोराची खाट रिकामी हाय का?" त्या खाटेवरून दोन विहिणींचं जोरदार भांडण झालं, तेही दोघींच्या एकेका डोळ्यावर पट्टी असताना.

शेवटी मीच वनखात्याला फोन लावला. एक तरुण वनरक्षक बाई मोटारसायकलवरून आल्या. आम्ही सगळे मागच्या अंगणात जमलो. त्यांनी आधी विचारलं, "याला कुणी दाणे घालतं का?"

"छे!" स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. वॉचमननं कानांवर हात ठेवले. डॉक्टर तर चिडलेच. "दाणे? अहो, मीच याला घालवा म्हणतोय!"

मोर कोपऱ्यात उभा होता. डॉक्टरांचा आवाज ऐकला तसा तो तुरुतुरु चालत आला, सगळ्यांना ओलांडून थेट डॉक्टरांसमोर थांबला, आणि मान तिरकी करून त्यांच्या कोटाच्या खिशाकडं बघायला लागला. खिशात फुटाण्याची पुडी होती.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मी दुपारी पायरीवर बसतो जरा… पण तो मोर वेगळा आहे हो. तो गरीब आहे. खिडकीवरचा भांडखोर निराळा."

"डॉक्टरसाहेब," वनरक्षक बाई हसू दाबत म्हणाल्या, "दोन मोर फक्त तुम्हाला आणि याला दिसतात."

मग त्यांनी समजावलं. याला पकडायचं नाही, दगड मारायचा नाही, फटाके वाजवायचे नाहीत. काचेतलं रूप झाकायचं आणि खाणं बंद करायचं. मोराच्या उंचीपर्यंत काचेला बाहेरून चुना फासला की झालं. डॉक्टरांचा जीव तुटला, पण त्यांनी मान हलवली. वॉचमननं चुना कालवला आणि खिडक्यांचा खालचा भाग पांढरा केला.

दुसऱ्या सकाळी मोर ठरल्या वेळी आला. काच बघितली. मान वाकडी करून बघितली. मग इमारतीच्या कोपऱ्यावर जाऊन पलीकडं डोकावून आला, वैरी कुठं लपलाय का ते बघायला. मला उगीच वाईट वाटलं. दुपारी डॉक्टर पायरीवर रिकाम्या खिशानं बसले होते आणि मोर त्यांच्यासमोर उभा होता. आठवडाभरात त्याचं येणं बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून फोन आला. त्यांची अख्खी इमारतच काचेची.

"मॅडम, जरा खासगी विचारायचं होतं. तुमच्याकडं कधी… पक्ष्याचा त्रास?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चुना, दाणे, वनखात्याचा नंबर, आणि बुजगावण्याच्या फंदात पडू नका हेही.

"लई उपकार झाले," ते आवाज खाली आणून म्हणाले. "फक्त कुणाला कळू देऊ नका हां."

"व्हय, व्हय," मी म्हणाले. "बिलकूल नाय."