सात नंबर उठला होता

हे आईला ठाऊक नाही, ऑफिसात ठाऊक नाही, कबड्डी मंडळातल्या मुलींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय.

परळला, पूर्वी जिथे मिल होती तिथल्या टॉवरमध्ये मी काम करते. काम काय, तर रग्बीच्या मॅचची रेकॉर्डिंग बघायची. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्सचे व्यावसायिक क्लब ज्या लीगमध्ये भिडतात, त्यातला वेल्सचा एक क्लब आमचं गिऱ्हाईक. कोणी कोणाला पाडलं, चेंडू कुठे सुटला, सगळ्यावर खुणा करायच्या. आणि डोक्याला लागलं असं वाटलं — नुसतं वाटलं तरी — लाल खूण. ती थेट त्यांच्या डॉक्टरांकडे जाते. मग तपासणी होईपर्यंत तो खेळाडू बाहेर.

मला ही नोकरी कबड्डीमुळे मिळाली. लालबागच्या मंडळात मी बचावात, कव्हरला खेळायचे, पकड कशी असते ते कळतं. आणि त्या क्लबात सात नंबरची जर्सी घालणारा एक खेळाडू होता. चढाईला आलेल्याची मांडी धरावी तसा तो समोरच्याला धरायचा, खाली वाकून, खांदा लावून. माझा जीव होता त्याच्यावर. हसू नका. मुलींना मी त्याच्या क्लिप दाखवायचे, त्यांनाही तो आवडायला लागला. आयरिश क्लबाशी उपांत्य सामना होता, तो बघायला अख्ख्या मंडळाला मी बोलावलं होतं. फुशारकी मारायची खोड लहानपणापासूनचीच.

त्याच्या आधीची मॅच. चेंडू लांब गेलेला, सगळे तिकडे बघतायत. कडेला सात नंबर पडला आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला. उठला, आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कुणीतरी दंडाला धरून त्याला परत वळवलं.

आम्हाला मंडळात शिकवलेलं — लागलं म्हणायचं नाही. माती चोळायची, उभं राहायचं. उठला तो धडधाकट. मी स्वतःला तेच सांगितलं. पण खरंच तसं वाटलं असतं, तर क्लिप मागे नेऊन पुन्हा का पाहिली? आमचा सीनियर विनीत पाठीमागून गेला, तेव्हा घाईघाईने दुसरीच मॅच का उघडली? लाल खूण केली तर तो उपांत्य सामन्यात नसणार, एवढंच डोक्यात होतं.

खूण केली नाही.

मंडळाच्या खोलीत वडे आणले होते, मुली घसा फोडून ओरडत होत्या. पहिल्याच हाफमध्ये तो कुणालातरी पाडायला वाकला आणि या वेळी उठला नाही. “लागलं वाटतं गं ह्याला,” एकजण म्हणाली. मी तिच्यापुढे वड्यांची ताटली सरकवली.

नंतर विनीतने विचारलं, “आधीच्या मॅचमध्ये काही दिसलं होतं का गं तुला?”

“नाही रे.”

त्याने ती क्लिप उघडूनही पाहिली नाही. इतका विश्वास. ती अजून आहे तिथेच, आणि कुणी जुनी मॅच उघडली की मी चोरून त्याच्या स्क्रीनकडे बघते. पण ही भीती माझ्यासाठीच आहे ना? त्याच्यासाठी कुठे आहे?

सात नंबर पुन्हा खेळला नाही. त्याचा निरोपाचा व्हिडिओ क्लबकडून आमच्याकडे आला, अंधाऱ्या खोलीत काढलेला, कारण त्याला उजेड सोसत नाही. बोलता बोलता शब्द हरवतो, शेजारी बसलेली बायको हळूच पुरवते. शेवटी त्याने डॉक्टरांचे आभार मानले, आणि कुठेतरी लांब बसून आपल्या प्रत्येक मॅचवर नजर ठेवणाऱ्या माणसांचेही.

व्हिडिओत त्याच्या उत्तम पकडी जोडायचं काम माझ्याकडे आलं, त्या मलाच पाठ होत्या म्हणून. मी मन लावून केलं. क्लबला फार आवडलं. विनीतने सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.