मातीतलं दार

माझ्या होणाऱ्या विहीणबाईंना मी पहिल्याच भेटीत अळवात पाडलं.

तसं ठरलं नव्हतं. माझी मुलगी ईशा आणि ओंकार यांचं आधीच जमलं होतं. आता फक्त घरच्यांचं जमायचं होतं. ओंकारच्या आई चेंबूरहून मुलुंडला आमच्याकडे आल्या. ओंकार आणि आमची ही आत पोहे करत होते, म्हणून ईशाला घेऊन मी बाईंना बिल्डिंगमागची हिरवळ दाखवायला नेलं. (घरात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं!)

मागे डोंगराचा उतार. ओली लाल माती, शेवाळ, गार सावली आणि पायथ्याशी वॉचमनने लावलेलं अळू. मातीत एक गोल चकती दिसली.

"बघा, बाटल्यांची बुचंसुद्धा इथेच टाकतात!" म्हणत मी ती नखाने उचकटली. चकती जराशी वर आली आणि झपकन मिटली. पुन्हा उचकटली, तर आतून कुणीतरी खेचली!

"अगो बाय माझ्या!" विहीणबाई ओरडल्या. "आतसून कोणीतरी दार धरून आसा!"

"बाबा, हात काढ!" ईशा म्हणाली. "कोळी आहे तो. बीळ खणून राहतो. वर मातीचं झाकण, त्याला रेशमाची बिजागरी."

"आणि जाळं?"

"जाळं नाही. दाराआड बसून वाट बघायची."

विहीणबाई इस्त्रीच्या साडीनिशी चक्क गुडघ्यांवर बसल्या. मग मीही बसलो. (माघार कशी घेणार!) उजेड उतरत चालला होता. झाकणाची कड हळूच वर झाली. शेजारून एक मुंगळा निघाला होता, त्याच्या त्याच्या कामाला. झाकण उघडलं, काळे चकचकीत पाय बाहेर आले, झाकण मिटलं. मुंगळा गायब! उरली नुसती माती. दार नेमकं कुठे होतं, तेही सांगता येईना.

इतकी वर्षं याच उताराला टेकून मी फोनवर गप्पा मारत होतो, आणि पाठीमागे अशी बेमालूम घरं होती!

"केवढा नीट घर बांधल्यान गो," विहीणबाई पुटपुटल्या आणि त्यांनी मातीला चक्क हात जोडले.

मलाही भरून आलं. नीट बघावं म्हणून नाक जवळ नेलं. दार उघडलं!

"आई गंऽऽ!" मी मागे उडालो. हाताला लागलं ते धरलं. ते विहीणबाईंचं कोपर होतं. दोघेही थेट अळवात!

लग्नाची वाट लागली, मी मनात म्हटलं. विहीणबाईंनी केसांतलं पान काढलं, ईशाचा हात धरून उठल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"पोरगी धीट आहे हो तुमची. बापाशीवर गेली नाय, ह्यां बरां झालां!"