दसऱ्याला धुतलेल्या स्कूटर

आमच्या गावात धंदा काढायचा म्हणजे लोक दोनच गोष्टी करतात. खोल्या बांधतात, नाहीतर दुसऱ्याने बांधलेल्या खोल्यांत उतरलेल्यांना जेवायला घालतात. मी तिसरंच काहीतरी काढलं, म्हणून सगळ्यांना माझी काळजी वाटू लागली. आमच्याकडे काळजी हसून व्यक्त करतात.

मी रेवदंड्याला राहते. गाव किल्ल्याच्या तटाच्या आत वसलेलं आहे. इथल्या माणसाला किल्ला बघायला वेगळं जावं लागत नाही, दूध आणायला निघालं तरी तो आडवा येतो. शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारी येतात, तटाच्या दरवाजात एकमेकींसमोर अडकतात, हॉर्न वाजवतात आणि सरळ समुद्रावर जातात. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यांच्या गल्ल्या, सातखणी मनोरा, चौलकडची देवळं त्यांना दिसतच नाहीत, कारण तिकडे मोटार वळत नाही. भाचीच्या लग्नाला गोव्याला गेले होते, तिथे हॉटेलच्या आवारात पाहुण्यांना बॅटरीच्या स्कूटरवर उभं राहून फिरताना पाहिलं. पायाखाली फळी, पुढे दांडा, दांड्याला हँडल. बसायला काही नाही. मनात आलं, ही आमच्या गल्लीत वळेल.

शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली, हातात आलेल्या पैशांतून स्कूटर घेतल्या, अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि लोकांना गाव दाखवायला सुरुवात केली. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळिणीने पहिल्याच दिवशी स्कूटरभोवती एक फेरी मारली.

“ताई, बसायला सीट न्हाय, आन पैसं घेतेस?”

“बसायचे नाही घेत, उभं राहायचे घेते.”

“मंग मी सकालपासून उभीच हाय. मना कोन देतो?”

हा प्रश्न मला बिनतोड वाटला. मी दोन पापलेटं जास्त घेतली.

नवरा थळच्या खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. सगळी नोकरी पंपांच्या देखभालीत गेली. तो स्कूटरना ‘खेळणी’ म्हणे. “खेळणी चार्ज झाली का?” “आज खेळण्यांना गिऱ्हाईक नाही वाटतं?” त्याच्या डोक्यात मागच्या वाडीत दोन खोल्या बांधायचं होतं. संडास-बाथरूम आत, बाहेर झोपाळा, पाटीवर ‘घरगुती जेवण मिळेल’. हे घरगुती जेवण कोण करणार, हे पाटीवर लिहायचं नव्हतं. त्याच्या योजनेत तो पुढे झोपाळ्यावर होता आणि मी मागे गॅसपाशी. मला स्वयंपाक चांगला येतो, म्हणूनच मला तो धंदा नको होता.

शेवटी आमचा तह झाला. दिवाळीपर्यंत मला नेमाचं काम मिळालं तर खोल्यांचा विषय बंद. नाही मिळालं तर स्कूटर विकायच्या आणि जोत्याला सुरुवात करायची. पावसाळ्यात शेडवरून पाणी गळण्यापलीकडे काही घडलं नाही. नवरा मधूनमधून टेप घेऊन वाडीत जायचा आणि सुपारीच्या कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत खोली बसेल ते मोजायचा. मी बघत नाही असं दाखवायची.

फिरायला येत ते लोक चांगले असत, पण थोडे असत. पहिली दहा मिनिटं देवळासमोरच्या मैदानात मी त्यांना शिकवी. पाय कुठे, अंगठा कुठे, ब्रेक कधी. पुरुष म्हणत, “येतं आम्हाला,” आणि तुळशीवृंदावनाच्या दिशेने जात. बायका आधी किंचाळत आणि मग नीट चालवत. मी पोर्तुगिजांना पडलेला वेढा, तह, तोफा असं सगळं पाठ केलं होतं. ते कुणी ऐकत नसे, कारण सगळ्यांचं लक्ष स्वतःच्या पुढच्या चाकाकडे. ‘चावी’ आणि ‘पगार’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले एवढंच लोकांना आवडे. एकजण म्हणाला, “तरीच पगार परक्यासारखा वागतो.” मग मी ते वाक्य पुढच्या लोकांना माझं म्हणून सांगू लागले.

नवरात्राच्या आधी नागावकडच्या एका नव्या रिसॉर्टचा मॅनेजर आला. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“मॅडम, दसऱ्याला आमच्याकडे एका ऑफिसचा ग्रुप आहे. दुपारचा ॲक्टिव्हिटी स्लॉट रिकामा आहे. त्यांना आवडलं तर आपण दर शनिवारी फिक्स करू. नाही आवडलं तर मी बनाना राइडवाल्याला देतो.”

म्हणजे माझी दिवाळी दसऱ्यालाच ठरणार होती. नवऱ्याला मी तेवढंच सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि टेप खिशात ठेवला.

दसऱ्याला सकाळी मी चौलच्या वाटेवर गेले. एका वाडीवाल्याच्या पाटाचं पाणी गल्लीत येऊन चिखल होत असे, त्याला दुपारपुरतं पाणी वळवायला सांगायचं होतं. तो म्हणाला, “वळवतो, पण पोफळींनी काय पाप केलंय ते सांगा.” हे सगळं उरकून, झेंडूची फुलं घेऊन घरी आले, तर अंगणात विहिरीची मोटर सुरू होती.

नवरा अर्ध्या चड्डीत उभा होता. हातात वाडी शिंपायचा पाईप. त्याच्यासमोर सगळ्या स्कूटर एका रांगेत, निथळत्या, चकचकीत. अशा त्या मी दुकानातसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

“अहो, हे काय केलंत?”

“खारी हवा. पार खाऊन टाकलं होतं गं त्यांना. चार्जिंगच्या भोकांत तर मीठ साचलं होतं. रबरी बुचं काढून चांगली धार मारली.”

“भोकांत?”

“मग काय वरवर धुऊ? दसरा आहे.”

“फडक्याने पुसायच्या म्हणून मी रोज सांगते ना?”

“ते रोजचं. आज दसरा.”

त्याचं बोलणं आमच्या गावच्या हिशेबाने बरोबर होतं. दसऱ्याला इथे प्रत्येक गाडी धुतात. ट्रक धुतात, होडीचं इंजिन धुतात, वर्षभर कोनाड्यात पडलेली शिलाई मशीन धुतात. गाडी धुतली नाही तर तिला वाईट वाटेल अशी लोकांची समजूत आहे. फक्त माझ्या गाड्या बॅटरीच्या होत्या, त्यांना वाईट वाटण्याची तऱ्हा वेगळी होती.

मी पहिलीचं बटण दाबलं. काही नाही. दुसरीचा दिवा लागला आणि विझला. तिसरी नुसतीच ओरडायला लागली आणि थांबेचना. रांगेच्या टोकाच्या दोन मात्र लगेच सुरू झाल्या. पाईप तिथपर्यंत पुरला नव्हता.

“कारखान्यात पंपांच्या मोटर अशाच धुवायचात का तुम्ही?”

“नाही गं. तिथे मोटरला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून आम्ही...” आणि तो थांबला. मोटरच्या आत पाणी जाऊ न देणं, एवढ्याच गोष्टीसाठी त्या माणसाला आयुष्यभर पगार मिळाला होता.

मग त्याला उपाय सुचला. फोन भिजला की तांदळात ठेवतात. पालीकडे त्याच्या भावाची भातशेती आहे, तिथून वर्षाचा तांदूळ येतो, तो ओटीवरच्या पिंपांत असतो. नवऱ्याने पिंपं अंगणात आणली आणि त्यांत दोन स्कूटर उलट्या उभ्या केल्या. चाकं वर, हँडल तांदळात. बाकीच्या भिजलेल्यांखाली तांदूळ पसरला. आता उभ्याच आहेत तर म्हणून हळदकुंकू लावलं, प्रत्येकीला झेंडूची माळ घातली, चाकापुढे लिंबू ठेवलं. वर्षभर खेळणी म्हणणाऱ्या माणसाने खेळण्यांचा दसरा माझ्या देवघरापेक्षा थाटात मांडला होता. त्याच्यावर नीट चिडायला तरी सवड हवी होती. पाहुणे जेवून निघाले असा मॅनेजरचा फोन आला.

गाडीतून उतरल्या उतरल्या मॅनेजर पिंपांपाशी थांबला.

“मॅडम, हे काय आहे?”

मी शाळेच्या ऑफिसात अनेक वर्षं काढली आहेत. साहेबांना काय सांगायचं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवता येतं.

“आज दसरा. आमच्याकडे आज अवजारं पूजेला बसतात. पूजेला बसलेलं अवजार उचलत नाहीत. आज गाव पायी दाखवायचं, अशी रीत आहे.”

नेमकी त्याच वेळी फाटकासमोरून माळा घातलेली एक रिक्षा गेली. आत सहा माणसं होती.

“ती चालते?” एका बाईंनी विचारलं.

“तिची पूजा सकाळी सुटली.”

“आणि तांदूळ?”

“तांदूळ मानाचा.”

सगळ्यांनी फोटो काढले. एका गृहस्थांनी चप्पल काढून स्कूटरला नमस्कार केला. मला घाम फुटला होता, पण चौलपर्यंत चालायचंच होतं, त्यामुळे घामाचं कुणाला नवल वाटलं नाही.

आम्ही चाललो. ज्यांना खरंच पायी जाणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी टोकाच्या दोन होत्या. त्या पूजेला का बसल्या नाहीत, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. मनोऱ्याखाली मी सवयीने वेढ्याची गोष्ट सुरू केली आणि मग लक्षात आलं, लोक ऐकताहेत. पुढच्या चाकाची काळजी नव्हती. त्यामुळे मला सगळा वेढा संपवावा लागला, शेवट नीट आठवत नसताना. गल्ली कोरडी होती. वाडीवाल्याने शहाळी काढून दिली आणि पैसे माझ्याकडून घेतले.

परत आलो तेव्हा अंगणात फोडणीचा वास होता. नवऱ्याने पोहे केले होते. त्याला दुसरं काही येत नाही. रात्रपाळीत कारखान्यातल्या हीटरवर शिकलेले ते पोहे, कांदा भरपूर, ओलं खोबरं वर. त्याला काही करून दाखवायचं नव्हतं. बिघडवलेल्या गाड्यांसमोर हातावर हात धरून बसवेना, म्हणून तो आत गेला होता. पाहुण्यांनी ताटल्या पुसून खाल्ल्या. मॅनेजर तर खुर्चीत पार मागे रेलून बसला.

“मॅडम, दर शनिवार फिक्स. पूजा बघायची, चालायचं, नंतर हे पोहे. स्कूटर ऑप्शनल ठेवू.”

ज्यासाठी नोकरी सोडली ती गोष्ट ऑप्शनल झाली होती, आणि ज्यातून पळाले ते स्वयंपाकघर पॅकेजमध्ये आलं होतं. मी नवऱ्याकडे बोट केलं.

“पोहे ह्यांचे आहेत. ह्यांना विचारा.”

“काका, शनिवारी जमेल?”

“मला?” नवरा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बघायचं ते आधीच ठरवलं होतं, मी पिंपांकडे बघत होते. “जमेल,” तो म्हणाला. “पण खोबरं ताजं लागतं. आदल्या दिवशी आकडा कळवा.”

अलिबागचा मेकॅनिक आला, त्याने स्कूटर उघडल्या, आतून पाणी आणि तांदूळ दोन्ही काढलं. बहुतेक जगल्या. एक कायमची गेली, तिला आता पूजेत पहिला मान असतो. पुढचे कितीतरी दिवस आमच्या भाताला रबराचा वास येत होता आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. खोल्यांचाही विषय निघाला नाही. शुक्रवारी नारळ खवायचे आणि शनिवारी पहाटे कांदे चिरायचे, त्यामुळे नवऱ्याला टेप घेऊन वाडीत जायला सवडच राहिली नाही. झोपाळा मात्र आम्ही घेतला. दुपारी त्यावर मी बसते.

यंदाच्या दसऱ्याला सगळ्या स्कूटर चार्ज होत्या, ठणठणीत होत्या, आणि गावात वर्षातली सर्वांत मोठी गर्दी होती. एकही बाहेर काढता आली नाही. पाहुण्यांनी रीत बघायला म्हणून महिनाभर आधी नावं नोंदवली होती. सकाळी नवरा पाईप हातात घेऊन शेडपाशी आला.

“धुऊ?”

मी त्याच्या हातात फडकं दिलं.