मडक्यातली पिल्लं

मित्रांनो, हे पत्र वाचून पुढच्याला धाडा आणि खुशाल हसा.

मत्स्यखात्यातली माझी पहिलीच कामगिरी. रोहूची पिल्लं गुदमरू नयेत म्हणून बैलगाडीत वाटभर मडकी हलवत आज रिसोडजवळच्या तलावावर आलो.

काठावर म्हातारी सखू भोईण बसली होती. काल तलाव बघायला आलो तेव्हाच मी तिचं जाळं जप्त केलं होतं. शेवटचं मडकं पाण्यात रिकामं होईपर्यंत ती गप्प राहिली.

मग म्हणाली, "साहेब, इथं मरळ लय आहे. संध्याकाळलोक एक पिल्लू नाही ठेवत ते."

"आधी का नाही सांगितलंस?"

"काल सांगूनच राह्यली होती ना! तुमी म्हटलं, अडाणी बाईनं मले शिकवू नये. मरळ काढायचं जाळं तर तुमीच नेलं."

पाणी खळबळू लागलं. ती मजेत बघत बसली.

कॉलेजात आपण मरळीचे दात मोजले होते. ते कशासाठी असतात, कुणी विचारलं होतं का रे?