संगणक कक्षाबाहेरच्या चपला

संगणकाच्या प्रात्यक्षिकाला परीक्षक म्हणून एका शाळेत गेले, तर संगणक कक्षाच्या दाराशी मुलींच्या चपला ओळीने लावलेल्या. मीही सँडल काढून आत गेले. आतले सगळे संगणक कित्येक वर्षांपासून बंद होते.

"मग चपला कशाला काढता गं?" मी एकीला विचारलं.

"धुळीनं मशीन बिघडतं, मॅडम," ती म्हणाली आणि काळ्या पडद्यावर बोट ठेवून पाठ केलेलं सांगू लागली, "बटण दाबलं की इथं उजेड येतो."

तिने तो उजेड कधी पाहिलाच नव्हता. ज्याने आपल्याला काहीच दिलं नाही, त्यालाही इतकं जपायला या मुली शिकतात कुठे? आम्ही तर फक्त गुण देतो. मी पैकीच्या पैकी दिले.

बाहेर येऊन सँडल घालताना तळपाय पाहिले. धुळीचा कणही लागला नव्हता.